घरपट्टीत ‘ग्रंथालय कर’: द्यावा की हरकत घ्यावी?

निंबोणी:
आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषदेचं. यंदा चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, करआकारणीच्या नोटिसा घरोघर आल्यात, त्यामुळे लोक आधीच तापलेले. त्यात गेल्या आठवड्यातल्या बैठकीत विषय निघाला, की गावचं जुनं सार्वजनिक वाचनालय नगरपरिषदेनं दत्तक घ्यावं आणि त्यासाठी घरपट्टीवर २ टक्के ‘ग्रंथालय कर’ लावावा. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगा उठून चालत्या झाल्या.

मी वाचनालयाची आजीव सभासद, तेव्हा माझा कल कुठे आहे ते सांगायला नको. तरी परिस्थिती जशी आहे तशी मांडते. संदर्भ विभागाचं छत गळतंय. कपाटांवर बाजारातली निळी ताडपत्री टाकलीय. तिच्यात पाण्याची झोळी झाली की शिपाईकाका खालून काठीनं ढोसून ते पाणी बादलीत उतरवतात. वृत्तपत्र विभाग मात्र सकाळी भरलेला असतो. एका पेपरची पानं सुटी करून चार जण वाचतात आणि अग्रलेखाच्या पानावरून रोज कुरबूर होते. नवी पुस्तकं येतात ती मार्चच्या तोंडावर एकदम गठ्ठ्यानं, आणि सभासदांनी मागितलेलं एकही त्यात नसतं. बालविभागाला कुलूप.

हरकती-सूचनांची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. बाजूनं लिहू, विरोधात लिहू, की आणखी काही?

घरपट्टीवाला:
विरोधात लिहा. माझ्या बिलावर आत्ताच संकलित कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, अग्निशमन, घनकचरा शुल्क एवढ्या ओळी आहेत. खाली दुकानाचा गाळा आहे म्हणून रोजगार हमी उपकरही. पाणीपट्टी वेगळी, आणि पाणी दिवसाआड. वृक्ष उपकर इतकी वर्षं भरतोय, आमच्या आळीत त्यातून लागलेलं एक झाड दाखवा, मी ग्रंथालय कर दुप्पट भरतो. ज्यावरून घरपट्टी ठरते ते भाडेमूल्य वाढवून ती फुगवलीच आहे, आता त्या फुगवलेल्या रकमेवर आणखी २ टक्के. ज्याला वाचायचंय त्यानं वर्गणी भरावी. मी जिमला जातो, त्याची फी शेजाऱ्याच्या घरपट्टीत लावत नाही.

खडूफळा:
वाचनालय म्हणजे कथा-कादंबऱ्या, एवढंच डोक्यात असलं की असं वाटतं. भाऊ, तुमच्याच गावात एसटी स्टँडमागे, बँकेच्या वर, गाळ्यागाळ्यांत ‘अभ्यासिका’ निघाल्या असतील, बघा एकदा. प्लायवुडचे कप्पे, एक चार्जिंगचा पॉइंट, वायफाय, आणि महिन्याला पाचशेपासून हजारापर्यंत फी. पुस्तक एकही नाही, मुलं आपली आपण आणतात. एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरती, सगळी गर्दी तिथे. ही फी कुठून येते? बापानं विकलेल्या सोयाबीनमधूनच ना? म्हणजे गाव वाचनालयाचा कर भरतंच आहे, फक्त तो गाळेवाल्याला जातो. ज्या पोरींच्या घरी हजार रुपये निघत नाहीत त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून ‘राज्यघटना’ पाठ करतात. माझ्या वर्गातून गेलेल्या आहेत, नावानिशी सांगू शकतो.

नाकासमोर:
भांडण्याआधी आकडेमोड करा. धरून चालू की गावात ९ हजार मालमत्ता आहेत आणि सरासरी घरपट्टी २,४०० रुपये. २ टक्के म्हणजे घरामागे वर्षाला ४८ रुपये. ‘दोन वडापावच्या पैशांत ज्ञानाची गंगा’ छापाची भाषणं आता सुरू होतील, ती राहू द्या. पूर्ण वसुली झाली तर ४ लाख ३२ हजार. ती होत नाही. ७० टक्के धरली तर ३ लाख २ हजार ४००, म्हणजे महिन्याला २५,२००. त्यात एक पूर्णवेळ ग्रंथपाल आणि एक शिपाई कायद्यानं द्यायला हवा तेवढा पगार देऊन ठेवले, की खडखडाट. छत, पुस्तकं, वीज कशातून? करवाढीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनीही हे सांगितलं पाहिजे.

ग्रंथपाल ड वर्ग:
‘कायद्यानं द्यायला हवा तेवढा पगार’ वाचून हसू आलं. मी शेजारच्या जिल्ह्यात ड वर्गाच्या, म्हणजे अनुदानासाठीच्या सगळ्यात खालच्या वर्गाच्या, वाचनालयात आहे. २०२२-२३ पासून सरकारनं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, बातम्या मोठ्या आल्या, लोक मला पेढे मागत होते. ड वर्गाचं ३० हजार होतं, ते ४८ हजार झालं. महिन्याचं नव्हे, वर्षाचं. त्यातलं निम्मं वेतनावर. म्हणजे मला महिन्याला २ हजार. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, वीजबिल, जागेचं भाडं, रजिस्टरं, ऑडिटची फी. राज्यात अनुदानावरची वाचनालयं ११ हजारांच्या आसपास आहेत आणि त्यातली पुष्कळशी आमच्यासारखी खालच्या वर्गातली.

निंबोणीताई, मार्चमधल्या गठ्ठ्याचं कारण सांगते. अनुदान हप्त्यांनी येतं. शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. तेव्हा जो विक्रेता टेम्पो घेऊन दारात उभा राहतो आणि कमिशन जास्त देतो, त्याच्याकडची पुस्तकं घेतली जातात. सभासदांच्या मागणीची वही टेबलावरच राहते. वर्षभर पेपरवाल्याची उधारी मी माझ्या तोंडावर चालवते.

आडवा डॅश:
ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण त्या ११ हजारांत पाटी, कुलूप आणि आत अध्यक्षांचं खताचं गोदाम अशी किती? २०१२ मध्ये महसूल खात्याला पडताळणीला उतरवावं लागलं ते काय उगाच? आता यांना घरपट्टीतूनही पैसे?

ग्रंथपाल ड वर्ग:
पाटीवाली होती. नाही म्हणत नाही. पण त्या पडताळणीनंतर नव्या वाचनालयांची मान्यता आणि वर्गबदल दोन्ही वर्षानुवर्षं थांबलं. ज्यांनी खरंच पुस्तकं वाढवली, सभासद वाढवले, ते ड वर्गात होते तिथेच राहिले. सुक्याबरोबर ओलंही जळलं. गोदामवाले मात्र दुसऱ्या धंद्याला लागले.

टाचणी:
माझी नोकरी लेखा विभागात झाली, म्हणून थोडं कायद्याचं.

‘ग्रंथालय कर’ ही ओळ बिलावर छापायला नगरपरिषदेला आधार कोणत्या कायद्याचा, हे पहिलं विचारा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, १ मे १९६८ पासून लागू. त्यात राज्य ग्रंथालय परिषद आहे, संचालनालय आहे, ग्रंथालय निधी आहे. उपकर नाही. तामिळनाडू, आंध्र, कर्नाटक, केरळ, चौघांकडे आहे. तामिळनाडूत मालमत्ता कराच्या रुपयामागे दहा पैसे. गोव्यानं तर दारूवर अधिभार लावण्याची वाट काढली. आपल्याकडे कायदा करताना उपकराला हात घातला नाही, म्हणून आपली वाचनालयं पन्नास वर्षांहून जास्त काळ अनुदानाकडे डोळे लावून बसलीत.

घरपट्टीवाले, तुमच्या बिलावरच्या शिक्षण आणि रोजगार हमी उपकराला राज्याचा स्वतंत्र कायदा आहे. वृक्ष उपकराला १९७५ चा झाडांचा कायदा आहे. नगरपरिषदेच्या १९६५ च्या अधिनियमात दिवाबत्ती, गटारं, सफाई ही आवश्यक कर्तव्यं. वाचनालय चालवणं ऐच्छिक. मग नगरपरिषद करू काय शकते? संकलित कराचा, म्हणजे मूळ घरपट्टीचा, दर वाढवू शकते आणि अर्थसंकल्पात वाचनालयाच्या शीर्षाखाली तरतूद दाखवू शकते. पण वाढलेला पैसा जातो सर्वसाधारण फंडात. पहिल्या वर्षी तरतूद होईल, फोटो निघतील. दुसऱ्या वर्षी पथदिव्यांचं वीजबिल थकलं की पुनर्विनियोजनाचा ठराव येईल आणि ती रक्कम तिकडे वळेल. असे कागद माझ्या टेबलावरून गेलेत. त्यात चोरी कोणाचीच नसते, सगळं नियमात असतं.

घरपट्टीवाला:
म्हणजे कर कायमचा आणि वाचनालय एक वर्षाचं. हेच मी म्हणत होतो.

बेळगावचा:
आमच्याकडं कायदा आहे, त्याचं काय होतंय ते ऐका. कर्नाटकात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर ६ टक्के. भरण्याच्या चलनावर आरोग्य उपकर १५, ग्रंथालय ६, भिक्षुक उपकर ३, असं लिहूनच येतं. तुम्ही २ टक्क्यांवर सभा सोडून जाताय, इथं ६ टक्के भरताना कोण हूं की चूं करत नाही. मुद्दा पुढं आहे. उपकर गोळा करते पालिका आणि द्यायचा असतो ग्रंथालय खात्याकडे. मधेच मुरतो की ओ. बंगळूर महापालिकेकडं ग्रंथालय उपकराची थकबाकी शेकडो कोटींत गेल्याच्या बातम्या कितीदा आल्यात. लोकांनी भरलेला, पावती मिळालेली, आणि तरी ग्रंथालयाला न पोचलेला पैसा.

आणखी एक. उपकराचा मुख्य ओघ जातो सरकारी खात्याच्या ग्रंथालयांकडं. लोकांनी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी काढलेल्या संस्थांनी आपलं आपण बघायचं. तुमच्याकडं अजून बहुतेक वाचनालयं संस्थांची आहेत म्हणून हे आधीच सांगतोय.

नाकासमोर:
बेळगावच्यांचा मुद्दा लाखाचा. टक्का किती यावर आपण हमरीतुमरीवर येतो आणि पैसा कोणाच्या खात्यात बसणार हे कोणी विचारत नाही.

सावकाश:
केरळकडे बघा. तिथली वाचनालयंही आपल्यासारखीच गावकऱ्यांनी काढलेली, ग्रंथशाला संघमच्या चळवळीतून उभी राहिलेली. १९८९ चा कायदा झाला तेव्हा ५ टक्के उपकर आला, पण वाचनालयं सरकारजमा झाली नाहीत. पैसा वाटणारी ग्रंथालय परिषद वाचनालयांच्याच प्रतिनिधींतून निवडून येते. तिथे राजकारण नाही असं नव्हे, भरपूर आहे. पण ज्याला जाब विचारायचा तो माणूस ओळखीचा असतो, मंत्रालयात बसलेला नसतो.

आणि केरळ लांब वाटत असेल तर बडोदा. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला लावलं. सयाजीरावांची पद्धत मला आजच्या कोणत्याही योजनेपेक्षा शहाणी वाटते. गावानं एक हिस्सा जमवला की तेवढाच हिस्सा प्रांत पंचायतीनं घालायचा आणि तेवढाच सरकारनं. गावानं हात आखडता घेतला तर बाकीचे दोघे मोकळे. कोल्हापूर संस्थाननं तर १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला, उरलेल्या महाराष्ट्राला त्यानंतर बावीस वर्षं लागली.

आडवा डॅश:
सयाजीराव गेले, आता लोकवर्गणी म्हटलं की गणपती मंडळाचं पावतीपुस्तक डोळ्यांपुढे येतं. पण माझा प्रश्न वेगळा आहे. निंबोणी, वाचनालयाची जागा कुठे आहे? मुख्य बाजारपेठेत?

निंबोणी:
हो, चौकातच. मागे मोकळं आवार, एक चिंच आणि जुनी विहीर.

आडवा डॅश:
झालं तर. ‘दत्तक’ का घेतायत ते कळलं. तळमजल्यावर व्यापारी संकुल, गाळ्यांचे लिलाव, पहिल्या मजल्यावर हॉल, आणि तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जिन्यानं, वाचनालय. सकाळचे तुमचे पेपरवाले आजोबा तिथवर चढतील? वर्षभरात ‘वाचक येत नाहीत’ म्हणून तिथे लग्नाचं सामान ठेवतील.

टाचणी:
ही भीती खोटी नाही. मात्र वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर त्याची स्थावर मिळकत कार्यकारिणीला सहीनिशी सोडून देता येत नाही. धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ‘दत्तक’ शब्दाला कायद्यात काही अर्थ नाही. व्यवस्थापन देणार, इमारत देणार, की फक्त वार्षिक अनुदान घेणार, हे ठरावात स्वच्छ लिहून घ्या. माझं मत विचाराल तर तिसरं. जागा हातची सोडू नका.

मिशिगनवासी:
मी डेट्रॉइटजवळ राहते. इथे ट्रॉय नावाचं शहर आहे, मराठी घरंही बरीच. २०११ मध्ये तिथलं वाचनालय पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होतं. मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर दर हजार डॉलरना ७० सेंट असा कर लोकांच्या मतदानाला ठेवला होता. आधीचे प्रयत्न पडले होते, करविरोधी गट जोरात होता. मग एके दिवशी शहरभर फलक लागले: ‘२ ऑगस्टला वाचनालय बंद करायला मत द्या, ५ ऑगस्टला पुस्तकांच्या होळीला या.’ लोक खवळले. कराबद्दलची चर्चा बाजूला पडून पुस्तकांबद्दलची सुरू झाली. नंतर उघड झालं की फलक वाचनालय वाचवणाऱ्यांनीच लावले होते. कर मंजूर झाला.

ही गंमत सगळे सांगतात. मला त्याच्या अटी जास्त महत्त्वाच्या वाटतात. तो पैसा वाचनालयाशिवाय कशावरही खर्च करता येत नव्हता, आणि मुदत ५ वर्षं. मुदत संपल्यावर पुन्हा मतदान, आणि लोकांनी पुन्हा होकार दिला.

आडवा डॅश:
आपल्याकडे पुस्तकांच्या होळीचा फलक लावला तर लोक गोवऱ्या घेऊन हजर होतील.

घरपट्टीवाला:
मुदतीचं पटलं. आपल्याकडे तात्पुरता म्हणून लावलेला कर आजवर कोणी काढलेला बघितला नाही. ५ वर्षं, वेगळं खातं, आणि दर वर्षी जमाखर्च चौकात फळ्यावर, असं लिहून देत असतील तर ४८ रुपयांसाठी मी भांडत नाही. पण देणार आहेत का लिहून?

आणि एक विचारायचं राहिलं. वाचनालयाची वेळ काय? माझं दुकान रात्री ९ ला बंद होतं. तुमचं वाचनालय कधी उघडं बघितलंच नाही मी.

निंबोणी:
सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ४ ते ७.

खडूफळा:
म्हणजे नोकरदार, दुकानदार आणि कॉलेजची मुलं सोडून सगळ्यांसाठी. कर मागायचा तर हे आधी बदला. अभ्यासिकेला मुलं का पैसे मोजतात? ती पहाटे ६ ला उघडते आणि रात्री ११ ला बंद होते. शिवाय मुलींना विचारा, त्या आधी स्वच्छतागृहाबद्दल विचारतील, मग पुस्तकांबद्दल. आमच्या इथल्या वाचनालयात मुली दुपारनंतर थांबत नव्हत्या. समितीला वाटायचं मुलींना वाचायची आवड नाही. एक बरं स्वच्छतागृह बांधल्यावर जागा पुरेनाशी झाली.

ग्रंथपाल ड वर्ग:
वेळ वाढवायला माझी ना नाही. दोन हजारांत किती तास बसू तेवढं सांगा.

खडूफळा:
ताई, रोख तुमच्यावर नव्हता. वेळ वाढवायची तर माणसं दोन पाळ्यांत लागतात, आणि म्हणूनच कर लागतो. हे गावाला याच क्रमानं सांगायला हवं. आधी छताचे फोटो दाखवून कर मागितला की लोक म्हणणार, छताला देणगी घ्या. छताला खरंच देणगी मिळते, तिच्यावर नाव कोरता येतं. ग्रंथपालाच्या पगाराला कोणी देणगी देत नाही.

सावकाश:
हे नीट वाचा सगळ्यांनी. इमारतीला आमदार निधी मिळतो, पुस्तकांना राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानची योजना आहे, दिवाळी अंकांना सभासद जादा वर्गणी देतात. दर महिन्याला, न चुकता, माणसाच्या हातात पगार पडेल असा पैसा फक्त करातून येतो.

निंबोणी:
सगळ्यांचं ऐकून सूचनापत्र लिहिलंय. बाजूनं आणि विरोधात असं न लिहिता अटी घातल्यात. बघा.

‘मा. मुख्याधिकारी यांस,
विषय: वाचनालयासाठी प्रस्तावित करवाढीबाबत सूचना.
१) सदर करवाढ कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमान्वये प्रस्तावित आहे, ते कळवावे.
२) जमा होणारी रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी व तिचे पुनर्विनियोजन करू नये, असा ठराव व्हावा.
३) वाढ ५ वर्षांपुरती असावी.
४) रक्कम प्रथम ग्रंथपाल व सेवकांच्या वेतनावर आणि वाचनालयाची वेळ वाढवण्यावर खर्च व्हावी.
५) वाचनालयाची जागा व इमारत संस्थेच्याच नावे राहावी.
६) पुस्तक खरेदी सभासदांच्या मागणीच्या नोंदवहीनुसार, वर्षातून किमान चार वेळा व्हावी.
तरी वरील बाबींचा विचार व्हावा ही नम्र विनंती.’

टाचणी:
चांगलं आहे. ‘विचार व्हावा ही नम्र विनंती’ काढा, तिथे ‘लेखी खुलासा मिळावा’ लिहा. विचार ते करतातच, फाईल बंद करताना. दुसऱ्या मुद्द्याला हे जोडा: ‘जितकी रक्कम करातून येईल तितकीच नगरपरिषदेने स्वनिधीतून घालावी’. सयाजीरावांची युक्ती. स्वतःचा हिस्सा अडकला की लक्ष राहतं. आणि आणखी एक पत्र आमदारांना द्या, १९६७ च्या कायद्यात उपकराची तरतूद आणावी म्हणून. ते लवकर होणार नाही, पण मागणी नोंदीवर असावी. दोन्ही पत्रं आवक-जावकला देऊन शिक्क्यानिशी पोच घ्या.

बेळगावचा:
पत्रात ‘रक्कम दर तीन महिन्यांनी वर्ग करावी’ हे पण घाला. नाहीतर आमच्यासारखं होईल, खातं वेगळं आणि रिकामं.

निंबोणी:
दोन्ही घातलं. सह्यांचा कागद उद्यापासून वृत्तपत्र विभागातल्या टेबलावर आहे. घरपट्टीवाले भाऊ, तुमची सही मिळेल का? करविरोधी माणसाची सही असली तर वजन येईल.

घरपट्टीवाला:
मुदतीची आणि खात्याची अट पहिल्या पानावर घ्या, मग करतो. रात्री ९ नंतर कागद दुकानावर पाठवा. आणि भाडेमूल्याबद्दलची माझी हरकत वेगळी आहे, ती मी मागे घेणार नाही, हेही त्यांना कळू द्या.